सिंहपुरच्या खाजणांतील दीर्घपाद

सिंगापुरास जाऊन आलेले आपलेकडील गृहस्थ परत आल्यावर ज्या हकीकती सांगतात, त्या बहुधा ठरलेल्या असतात. तेथील रस्त्यांची स्वच्छता, आकाशास भिडलेल्या इमारती, विमानतळाच्या पोटांत सोडलेला ४० मीटर उंचीचा धबधबा आणि ‘लिटल इंडिया’ नामक पेठेंत केळीच्या पानावर मिळणारें जेवण, एवढ्यांत सारें आटोपतें. यांपैकीं खोटें कांहींच नाहीं. परंतु त्याच बेटाच्या कांठानें चिखलाचे कांहीं पट्टे अजून शिल्लक आहेत, आणि त्या चिखलांत राहणाऱ्या लहानशा माश्यांच्या कित्येक जाती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्राणिशास्त्राच्या दप्तरीं प्रथमच दाखल झाल्या, ही गोष्ट सांगणारा मला अद्यापि कोणी भेटला नाहीं. म्हणून ती मींच सांगावी असें मनांत आलें. घरांत माशी शिरली कीं पंचा उचलावयाचा, एवढाच आपला तिच्याशीं संबंध; तेव्हां माशीवर लेख म्हटल्यावर गृहिणींनीं नाक मुरडलें तर त्यांत नवल नाहीं. पण ही माशी उकिरड्यावरची नव्हे. ती पारध करून पोट भरणारी आहे, आणि तिच्या कुळाच्या नांवाशीं आपल्या संस्कृत भाषेचें सख्खें नातें आहे.

प्रथम गांवाचें नांव. सिंगापुर म्हणजे सिंहपुर, हें सांगावयास कोशाची गरज नाहीं. ‘सेजारा मलायु’ या मलायी बखरींत अशी कथा आहे कीं, सांग नील उत्तम या नांवाच्या राजपुत्रानें या बेटावर उतरतांच एक विलक्षण प्राणी पाहिला. तो सिंह होय असें त्यास सांगण्यांत आलें, आणि त्यावरून त्यानें नगरास हें नांव दिलें. वस्तुतः त्या मुलखांत सिंह कधींच नव्हता. होता तो वाघ. राजपुत्राचें नांव मात्र ‘नीलोत्तम’ असें शुद्ध संस्कृत दिसतें. आतां योगायोग पाहा. अमरकोशांत पशु-कीटकांचीं नांवें ज्या वर्गांत येतात, त्याचें नांव सिंहादिवर्ग. त्याच वर्गांत पुढें मधमाशीला सरघा, रानमाशीला दंश आणि निळ्या माशीला वर्वणा असे निरनिराळे शब्द सांगितले आहेत. लहानपणीं हा वर्ग घोकतांना निळ्या माशीला स्वतंत्र नांव देण्याची एवढी काय निकड पडली होती, असें मला नेहमीं वाटे. सिंहपुरीं सिंह नसला तरी सिंहादिवर्गांतील मक्षिका भरपूर आहेत, आणि त्यांना अजून नांवें देण्याचें काम चाललें आहे, हें पाहिल्यावर कोशकारांचा तो बारकावा व्यर्थ वाटत नाहीं.

मी पाहिलें तें खाजण सुंगेई बुलोह येथील. मलायी भाषेंत सुंगेई म्हणजे नदी व बुलोह म्हणजे बांबू. आपल्याकडे असतें तर या ठिकाणास ‘वेळूची नदी’ म्हटलें असतें. आगगाडीनें क्रांजी स्थानकापर्यंत जाऊन पुढें बसनें जावें लागतें. बेटाच्या वायव्येस, जोहोरच्या सामुद्रधुनीच्या कांठीं ही जागा आहे. समोरच्या तीरावर मलेशिया इतका जवळ दिसतो कीं तेथील इमारतींच्या खिडक्या मोजाव्या. पूर्वीं येथें कोळंबीचीं व माशांचीं तळीं होतीं. पुढें त्या जागीं नव्या पद्धतीच्या शेतीचा कारखानाच उभारावयाचा असा सरकारचा विचार ठरत आला होता. १९८६ सालीं पक्षी पाहणाऱ्या मंडळींचें या ओसाड तळ्यांकडे लक्ष गेलें. सैबीरियाकडून हिंवाळ्यांत दक्षिणेस उतरणारे पाणपक्षी येथें शेंकड्यांनीं मुक्काम करितात, असें त्यांस आढळलें. त्यांनीं अर्ज केले, नकाशे दिले, आणि आश्चर्य असें कीं सरकारनें तें ऐकलें. १९८९ सालीं ८७ हेक्टर जागा राखून ठेविली, १९९३ च्या डिसेंबरांत ती लोकांस खुली झाली आणि २००२ सालीं तिचें क्षेत्र १३० हेक्टर करून तिला कायद्याचें संरक्षण मिळालें. एका लहानशा बेटावर, जेथें जमिनीच्या वीतभर तुकड्यासाठीं समुद्र बुजवावा लागतो, तेथें हें घडलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

माझ्याबरोबर पुतण्या होता व त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. फाटकांतून आंत शिरतांच मगरींपासून सावध राहण्याविषयींची पाटी लागते. ती वाचून मुलीला जो उत्साह चढला, तो पुढें माशीचें नांव काढतांच उतरला. “आजोबा, मगर सोडून माशी कशाला पाहावयाची?” असा तिचा रास्त प्रश्न होता. मगर आम्हांस दिसलीहि. खाडीच्या कांठीं एक ओंडका पडला होता, त्यानें डोळे मिटले तेव्हां तो ओंडका नव्हे असें कळलें.

कोंकणांतील माणसास हें रान परकें वाटत नाहीं. आपण ज्यास तिवर म्हणतों, ज्यास कांदळ म्हणतों, ज्यास चिपी म्हणतों, त्यांचेच भाईबंद येथें आहेत. तिवराचीं श्वासमुळें चिखलांतून पेन्सिली रोवल्याप्रमाणें वर आलेलीं असतात. कांदळाच्या आधारमुळांची कमान तशीच. आणि झाडावर असतांनाच शेंगेंतून अंकुर फोडून लोंबणारीं त्याचीं रोपेंहि तशींच. तिवराच्या पानावर मिठाचे कण बसलेले असतात. मीं पान चाटून पाहिलें व मुलीसहि चाटावयास लाविलें. मगरीनंतर तिला आवडलेली ही दुसरी गोष्ट. खालीं चिखलावर निवट्या टणाटण उड्या मारीत होत्या. या निवट्यांचें कालवण ज्यानें खाल्लें आहे अशा एका कोंकणी गृहस्थाची येथें मला फार आठवण झाली. आमच्या घरीं अर्थात् तो विषय निघत नसे.

लांकडी पुलावरून चालतांना मी मात्र पानांकडे व ओल्या चिखलाच्या पृष्ठभागाकडे पाहत होतों. थोडा वेळ कांहींच दिसत नाहीं. मग नजर स्थिर झाली कीं चिखलावर हिरव्या-सोनेरी रंगाचा एक कण सरकतो, थांबतो, पुन्हां सरकतो. तो कण म्हणजे माशी. देह अगदीं लहान, या कुळांतील माश्या एक पासून सुमारें नऊ मिलिमीटरपर्यंत असतात, परंतु पाय देहाच्या मानानें इतके लांब व सडपातळ कीं ती टांचा उंचावून उभी आहे असें वाटतें. अंगाला धातूची झळाळी. घरमाशीप्रमाणें ती घोंगावत नाहीं, कीं अन्नावर बसून हात चोळीत नाहीं. ती पाळत ठेवते. एखादा मऊ अंगाचा सूक्ष्म कीटक, अळी किंवा कोळ्यांच्या जातीचा बारीक जीव टप्प्यांत आला कीं झडप घालते, आपल्या मांसल ओठांनीं त्यास गुरफटून घेते, आंतील दातांसारख्या कंगोऱ्यांनीं चिरडते आणि रस शोषून सालपट टाकून देते. या कुळांतील कांहीं जाती डांसांच्या अळ्याहि पकडतात. यांच्या स्वतःच्या अळ्यासुद्धां बहुतेक शिकारीच. त्या ओल्या मातींत राहून तेथील बारीक जीवांवर जगतात. मीं पाहिलेली माशी नव्यानें नांव मिळालेल्यांपैकीं होती असें माझें म्हणणें नाहीं. तें ठरविण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. कूळ मात्र तेंच, एवढें मान व पाय पाहून सांगतां येतें.

या कुळाचें शास्त्रीय नांव डॉलिकोपोडिडी. शब्द ग्रीक आहे: डॉलिकोस म्हणजे लांब आणि पौस म्हणजे पाय. आतां ज्यानें भाषांचें थोडें तुलनात्मक व्याकरण पाहिलें आहे, त्यास हें ठाऊक असेल कीं ग्रीक डॉलिकोस आणि संस्कृत दीर्घ हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार आहेत; पौस आणि पाद यांचें नातें तर शाळकरी मुलालाहि दाखवितां येतें. म्हणजे डॉलिकोपस याचें ‘दीर्घपाद’ हें भाषांतर नव्हेच. तोच शब्द चुलत घराण्यांत वाढलेला आहे. माशांच्या सबंध गणाचें नांव डिप्टेरा. त्यांतील डि म्हणजे द्वि, आणि प्टेरॉन म्हणजे पंख, ज्याच्या धातूपासून आपलें पत्र, पतत्र हे पंखवाचक शब्द निघाले. तेव्हां माशी ही द्विपत्र. इतर कीटकांस चार पंख असतात. माशीचे मागील दोन झडून त्यांच्या जागीं टांचणीच्या आकाराच्या दोन लहान दांड्या उरल्या आहेत, व उडतांना तोल संभाळण्याचें काम त्या करितात. हें मीं मुलीला सांगितलें तेव्हां तिनें प्रथमच माशीकडे वांकून पाहिलें.

दीर्घपाद कुळांतील सात हजारांहून अधिक जातींस आजवर नांवें मिळालीं आहेत. सिंगापुरांतील जातींची यादी हवाई बेटांतील संग्रहालयाचे नील इव्हनहुइस व बेल्जमचे पॅट्रिक ग्रोटार्ट या दोघांनीं २००२ सालीं केली. ती करितांना तेथील खाजणांत त्यांस अशी एक माशी आढळली कीं जुन्या कोणत्याच गोत्रांत ती बसेना. म्हणून त्यांनीं न्गिर्‍हाफियम असें नवें गोत्रच स्थापिलें. नांव उच्चारावयास अवघड. आपल्या ‘ङ’नें जणु शब्दाचा आरंभ करावा तशांतला हा प्रकार. पहिल्या जातीस मर्फी यांचें नांव दिलें. हे मर्फी सिंगापुरच्या विद्यापीठांत प्राणिशास्त्र शिकवीत, आणि खाजणांतील कीटकांचा अभ्यास कोणाच्या मनांतहि नव्हता तेव्हांपासून त्यांनीं तो केला होता. पुढें २०१४ सालीं ग्रोटार्ट व जयंती पुनियामूर्ती यांनीं याच गोत्रांतील आणखी दोन जाती सिंगापुरच्याच खाजणांतून उजेडांत आणिल्या. एकीचें नांव सेरुलियम व दुसरीचें शिवसोथिई.

येथें व्याकरण शिकविणाऱ्या माणसास थांबल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. सेरुलियम हें लॅटिन विशेषण आहे, अर्थ निळें. गोत्राचें नांव नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणहि नपुंसकलिंगी. विशेष्याप्रमाणें विशेषणाचें लिंग, हा आपला नियम लॅटिनास लागू, आणि चिखलांतल्या माशीसहि लागू! मर्फिई व शिवसोथिई यांतील शेवटचा ईकार ही षष्ठी विभक्ति. म्हणजे ‘मर्फीचें’ व ‘शिवसोथीचें’. शिवसोथी हे तेथील राष्ट्रीय विद्यापीठांत जीवशास्त्र शिकवितात, आणि समुद्रकांठचा केर स्वयंसेवकांकरवीं उचलून तो मोजण्याचें काम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविलें आहे. त्यांचें नांव तामिळ; परंतु तामिळांतील सोदि म्हणजे आपली ज्योति. तेव्हां न्गिर्‍हाफियम शिवसोथिई या भारदस्त नांवाच्या पोटांत शिवज्योति आहे. पुनियामूर्ती या नांवांतील पुण्यमूर्ति तर वाचकांनीं ओळखलीच असेल. कोठें बेल्जम, कोठें रोम, कोठें तामिळ देश! एवढ्या लांबलांबच्या मंडळींनीं या माशीच्या बारशास हजेरी लाविली आहे.

या बारशाचा विधि मात्र उलटा आहे. आपल्याकडे मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशीं नांव ठेवितात. येथें जीव गेल्यानंतर. खाजणांत झाडांच्या मधोमध पातळ जाळीचा एक तंबू उभारितात. त्यास मालेझचा तंबू म्हणतात. रने मालेझ हा स्वीडनचा कीटकशास्त्रज्ञ. प्रवासांत आपल्या तंबूंत शिरलेले कीटक वर चढत जाऊन कोंपऱ्यांत जमतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हां त्या कोंपऱ्यासच बाटली लावावी ही युक्ति त्यास सुचली, व १९३४ सालच्या ब्रह्मदेशांतील सफरींत त्यानें ती अंमलांत आणिली. उडत आलेला कीटक जाळीस अडतो, उजेडाकडे वर चढतो आणि टोंकाच्या बाटलींतील मद्यार्कांत पडतो. नंतर शास्त्रज्ञ त्यास सूक्ष्मदर्शकाखालीं घेतात. दीर्घपादांच्या जाती ओळखावयाच्या त्या बहुधा नराच्या पायांवरील केंसांचे झुबके व शरीराच्या शेवटच्या भागाची घडण यांवरून. कारण मादीसमोर पाय नाचवून दाखविण्याची नरांची प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी असते. ज्या एका नमुन्यावरून नांव दिलें, तो नमुना संग्रहालयांत कायमचा जपून ठेवावा लागतो; पुढें शंभर वर्षांनीं कोणास शंका आली तर त्यानें त्याच देहाशीं ताडून पाहावें.

हें सर्व पुतण्यानें समजावून दिलें तेव्हां मला प्रथम तें रुचलें नाहीं, हें लपवीत नाहीं. आमच्या घरीं दिवा लागल्यावर पतंग जळूं नयेत म्हणून समईवर जाळी ठेवीत. नुसत्या नांवासाठीं जीव घ्यावा, हें आपल्या मनास सहजीं पटणारें नव्हे. मी तसें बोललोंहि. पुतण्या म्हणाला, “काका, १८२० च्या सुमारास या बेटाचा शेंकडा तेरा भाग खाजण होता. आज एक भागहि नाहीं. त्यांतल्या माशा बाटलींत घालून कोणी मारल्या नाहींत. भराव घातला, धरण बांधलें, आणि त्यांतलें काय काय गेलें याची नोंदसुद्धां कोणापाशीं नाहीं.” क्रांजीची खाडी अडवून जलाशय केला तो याच ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर आहे, नळाला पाणी हवें होतें आणि तेंहि खोटें नव्हतें. मीं त्यावर उत्तर दिलें नाहीं. परंतु असें मनांत आलें कीं ज्यास नांव नाहीं त्याच्या वतीनें अर्ज तरी कसा लिहावयाचा? पक्ष्यांस नांवें होतीं म्हणून १९८६ सालच्या त्या मंडळींस यादी देतां आली. तरीहि बाटलीची कल्पना मनास टोंचतेच, आणि ती टोंचूं नये असेंहि मला वाटत नाहीं.

त्या बाटल्यांतून काय निघालें त्याचा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आहे. सिंगापुरच्या निरनिराळ्या रानांतून जमविलेल्या १,४०,००० हून अधिक कीटकांच्या जनुकद्रव्याचा ठराविक तुकडा वाचून त्यांची वर्गवारी केली, तेव्हां सुमारें ८,५०० जाती भरल्या. खाजणांत वृक्षांच्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून कीटकहि थोडेच असावेत अशी विद्वानांची समजूत होती. निघाल्या सुमारें ३,००० जाती; आणि त्यांतील बऱ्याचशा अशा कीं शेजारच्या पावसाळी अरण्यांत त्या सांपडतच नाहींत. म्हणजे खाजण बुजविल्यावर त्यांनीं दुसऱ्या रानांत बिऱ्हाड करावें, अशी सोय नाहीं. यांपैकीं पुष्कळांस अजून नुसता आंकडा आहे. दीर्घपादांचें नशीब एवढें बरें कीं त्यांना ग्रोटार्ट मिळाले.

जवळच दुसरें एक खाजण आहे. त्याचें नांव मंडाई. तें ऐकून मला पुण्याची मंडई आठवली आणि पुतणसुनेनें परत येतांना कोथिंबीर आणावयास सांगितली होती तीहि आठवली. तेथें भाजी मिळत नाहीं; जगांतील प्राणिशास्त्रज्ञांनीं वर्षानुवर्षें चाळलेला चिखल मात्र आहे. २०२० सालीं तेथील सरकारनें सुंगेई बुलोह, मंडाई व आसपासचे तुकडे जोडून ४०० हेक्टरांचें एक राखीव क्षेत्र करण्याचें जाहीर केलें.

आपल्या मुंबईकडील खाजणांची गोष्ट वाचकांस माहीत आहे. २००५ च्या जुलैंतील तो प्रलय झाला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें तिवरांची तोड थांबविण्याचा हुकूम दिला. २०१२ सालीं राज्य सरकारनें कांदळवनांसाठीं वन खात्यांत स्वतंत्र कक्ष काढला आणि २०२२ सालीं ठाण्याच्या खाडीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत स्थान मिळालें. रोहित पक्षी पाहावयास तेथें आतां होडींतून लोक जातात. पक्ष्यांवर सर्वांची दृष्टि, हें दोन्हीं गांवीं सारखेंच. होडी चिखलाजवळून जात असतां एखाद्यानें दुर्बीण खालीं ठेवून चिखलावरचे ते सोनेरी कणहि पाहावेत, अशी माझी इच्छा आहे. दीर्घपादांचें कूळ जगभर पसरलेलें आहे. घराच्या परसांतील आळवाच्या पानावरहि त्यांतील एखादी सकाळच्या उन्हांत उभी असते.

सिंगापुरास ज्यांचे मुलगे-पुतणे असतील त्यांच्यासाठीं दोन शब्द. सुंगेई बुलोह येथें प्रवेशास पैसे पडत नाहींत. ओहोटीची वेळ आधीं पाहून निघावें, कारण भरती आली कीं चिखल झांकतो आणि पाहण्यासारखें निम्में नाहींसें होतें. सकाळीं लवकर जावें. दहानंतर ऊन व दमटपणा दोन्हीं असह्य होतात. पक्षी पाहावयाचे तर सप्टेंबर ते मार्च हा काळ बरा. माशांस ऋतूचें बंधन तितकेंसें नाहीं. लांब बाह्यांचा सदरा घालावा व पिण्याचें पाणी जवळ ठेवावें. एक साधें भिंग खिशांत असूं द्यावें. पुलाच्या कठड्यावर कोंपर टेंकून निदान पंधरा मिनिटें न हालतां उभें राहिलें पाहिजे. पहिलीं पांच मिनिटें कांहीं दिसत नाहीं.